सहा गुलाब

"फुलं मोजून घे, पारास्का. जिवंत माणसाच्या हातात सम संख्येत फुलं द्यायची नाहीत. ती गेलेल्यांची." माझी बहीण हान्ना सांगायची. ती गेली, तिची मुलगी उस्तिना माझ्याकडे वाढली, आणि मी अजूनही मोजते. नर्सिंगची पदविका घेताना तिच्या हातात द्यायला अंगणातले सातच गुलाब कापले होते.

समारंभातून ती मला घेऊन तडक सैन्यभरतीच्या कचेरीत निघाली. रणभूमीवरच्या इस्पितळात नर्स म्हणून अर्ज द्यायचा होता. सकाळीच म्हणाली होती, "मावशी, तू नको म्हणालीस तर नाही जाणार." मी देवाच्या आईच्या तसबिरीपुढचा दिवा लावत राहिले. हो म्हणवेना, नको म्हणण्याचं धाडस होईना.

"तुझा उपास संत पेत्राचा आहे, मावशी, बोलण्याचा नाही," वाटेत तिनं चिडवलं.

मी हसणार, तेवढ्यात रस्त्यावरचा आवाज बंद पडला. दुकानातली माणसं बाहेर आली, बसमधली उतरली, सगळी गुडघ्यांवर बसली. दिवे लावलेल्या गाड्या हळूहळू येत होत्या. पहिलीत आमच्या गल्लीतली मोत्र्या बसली होती, समोर नजर लावून, कुणाकडेच न बघता. मागच्या गाडीत, आघाडीवरून आलेल्या शवपेटीत, तिचा मुलगा नाझार. उस्तिनानं पुढे होऊन एक गुलाब रस्त्यावर ठेवला.

गुडघ्यांची धूळ न झटकताच आम्ही कचेरीत गेलो. टेबलामागच्या साहेबानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एवढीशी पोर! स्ट्रेचर उचलायचं, की त्यावर झोपायचं?"

"उचलायला दोघं लागतात, साहेब. दुसरे तुम्ही या."

तो हसला, मग एकदम थांबला. "काही झालं तर कळवायचं कुणाला?"

"हिला," तिनं माझ्याकडे बोट केलं. साहेबानं माझं नाव विचारलं, मी सांगितलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"शारीरिक तपासणी आत्ताच होईल. बाहेर थांब."

बाकावर ती बसली. गुलाब मांडीवर होते. मी मोजले. पुन्हा मोजले. सहा.

सकाळपासून अडलेला शब्द ओठांवर आला. नको जाऊस. एवढंच म्हणायचं होतं, आणि ती उठून माझ्याबरोबर घरी आली असती.

"मोजलेस ना?" ती हळूच म्हणाली. "मीही मोजले. रस्त्यातच."

"उस्तिना..."

"ही फुलं माझी नाहीत, मावशी. नाझारची आहेत. एक त्याला दिलं, तेव्हाच बाकीची त्याची झाली. मोत्र्याकाकूकडे नेऊन दे." मग माझा हात धरला. "आणि मी गेल्यावर दिव्यापुढे माझी वाट बघत बसू नकोस. रोज तिच्याकडे जा. तिला जेवायला लाव. वचन दे."

माझी सगळी व्रतं मी देवाला बोललेली. माणसाला असं वचन कधी दिलं नव्हतं. ओठांवरचा शब्द गिळला.

"दिलं."

आतून तिचं नाव पुकारलं. ती उठली, स्कर्टवरची धूळ आता कुठे झटकली, आणि आत गेली. दार आपोआप मिटलं.

मी बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले. मग डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला, सहा गुलाब उचलले, आणि मोत्र्याच्या घराच्या वाटेला लागले.