फोटोपुरती धडधाकट

मित्रांनो, मी वेताची एक जुनी खुर्ची आहे आणि माझ्यावर आता कोणी बसत नाही. माझ्या बैठकीची चौकट मागच्या बाजूला दुभंगली आहे. तेव्हा तुम्हीही बसू नका, उभ्यानेच ऐका.

मला एका सुताराने घडवलं. लाकूड सागाचं. बैठकीच्या चौकटीला त्याने ओळीने बारीक भोकं पाडली आणि त्यांतून वेताच्या काड्या ओवून जाळी विणली. अशी वीण नीट वापरली तर एक पिढी सहज काढते. ती तुटली तरी नवी घालता येते. लाकडाचं तसं नसतं.

मला विकत घेतलं एका लिफ्ट-मेकॅनिकने. सगळे त्यांना लिफ्टवाले काका म्हणत. जन्मभर त्यांनी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावर जिने चढून राहिले, कारण लिफ्टच्या इमारतीचं भाडं झेपणारं नव्हतं. काकू म्हणायच्या, "सगळ्या जगाला वर नेलंत, मला तेवढं पायी चालवलंत."

माझी पहिली वीण त्यांच्या लेकीने लहानपणी उड्या मारून फाडली. काकांनी फाटकी जाळी एकेक काडी उलगडत पाहिली आणि पुन्हा विणायला ते आपले आपणच शिकले. मोरीतल्या बादलीत वेत भिजत पडे आणि आंघोळीच्या पाण्यावरून घरात रोज वाद होई. आधी उभ्या काड्या, मग आडव्या, मग तिरप्या. काम संपलं तेव्हा ते स्वतः बसले नाहीत. त्यांनी हाक मारली, "अगं, बसून बघ." काकू बसल्या त्या सगळी भाजी निवडूनच उठल्या. त्या दिवसापासून मी काकूंची झाले.

पुढे सुटीच्या दिवशी काका शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही खुर्च्या विणू लागले. कोणी पैसे विचारले की म्हणत, "हौसेला मोल नसतं." विणताना ते शीळ घालत. मला तो काळ फार आवडायचा.

मग काका निवृत्त झाले. कंपनी खासगी. तिने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं, पेन्शन दिली नाही. शिल्लक आटत चालली तेव्हा मुलगा आणि लेक दोघं येऊन बसली. दोघांची घरं वेगवेगळ्या गावांत, आणि प्रत्येकाकडे एकाच माणसापुरती जागा. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आई ताईकडे राहील, बाबा माझ्याकडे. अधूनमधून भेटवूच की तुम्हाला."

काकू शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "भांड्यांची वाटणी ऐकली होती. आता आमचीही करा."

काकांना ते लागलं. "भाड्याचं मी बघतो," ते म्हणाले. "आम्ही इथेच राहू." तेव्हा मुलानेच मार्ग काढला. बाबांच्या हातात कला आहे, त्यांनी खुर्च्या विणण्याचा ब्लॉग लिहावा. वाचक वाढले की जाहिराती येतात आणि घरबसल्या पैसे मिळतात. जी हौस काकांनी कधी विकली नव्हती, तिच्यावर आता दोघांचं एकत्र राहणं टांगलं गेलं.

काका एका बोटाने टाइप करत आणि प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत. पहिल्या फोटोत फाटकी खुर्ची, शेवटच्या फोटोत नवीकोरी. लोकांना ते फार आवडलं. अनोळखी माणसं कौतुक लिहू लागली. पैसेही आले, भाडं निघत नव्हतं, पण चहा-साखरेचा खर्च सुटत होता. मुलाने फोनवर बजावलं, "बाबा, दर आठवड्याला नवं काहीतरी टाका, नाहीतर लोक विसरतात." काकांची शीळ त्याच सुमारास बंद झाली.

हळूहळू फाटक्या खुर्च्या संपल्या. लोक आता प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसतात, वेताच्या आणायच्या कुठून? एका सकाळी काकू वाणसामान आणायला गेल्या असताना काका हातात सुरी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. माझी वीण ताठ होती. ते बराच वेळ उभे होते, आणि मग त्यांनी ती मधोमध कापली. त्या दिवसाचं टायपिंग त्यांनी पुटपुटत केलं. "ही खुर्ची मला मोडक्या अवस्थेत मिळाली."

काकू परत आल्या. "अहो, चांगली होती की ही."

"सैल झाली होती," काका म्हणाले.

मित्रांनो, एकदा खोटं पचलं की दुसरं जड जात नाही. मी फोटोत उठून दिसते असं वाचक म्हणाले आणि मी पुन्हा फाटले. पुन्हा विणली गेले, नव्या नक्षीने, दुसरीच खुर्ची वाटावी म्हणून. मग पुन्हा. दर वेळी भोकांत वेत घट्ट धरून ठेवणाऱ्या जुन्या खुंट्या ठोकून काढाव्या लागत. भोकं रुंदावत गेली आणि त्यांच्यामधलं लाकूड झिजत गेलं. शेवटच्या विणीनंतर मागच्या बाजूला या भोकापासून त्या भोकापर्यंत चीर गेली. काकांनी तिच्यावरून बोट फिरवलं. लिफ्टमध्ये अशी चीर दिसली असती तर त्यांनी दारावर पाटी लावून लिफ्ट बंद केली असती. माझ्या चिरेत त्यांनी गोंद आणि लाकडाचा भुसा भरला आणि वरून पॉलिश फिरवलं.

फोटो झकास आला. काकूंना ते म्हणाले, "पॉलिश ओलं आहे, इतक्यात बसू नकोस." हा लेख गेला की चौकटीची ती बाजू बदलू, असं त्यांच्या मनात होतं. पण पुढचा लेख डोक्यावर होताच.

दोन-चार दिवसांनी काका माझ्याकडे पाठ करून वाचकांचे प्रश्न वाचत होते. कोणीतरी विचारलं होतं, ही खुर्ची आता किती टिकेल? काकू भाजीची टोपली घेऊन आल्या. त्यांनी माझ्या हातावर बोट टेकवून पाहिलं. पॉलिश वाळलं होतं. काका एकेक अक्षर दाबत मोठ्याने म्हणत होते, "आणखी... वीस... वर्षं..."

काकू बसल्या.

मी त्यांना सावरायचा प्रयत्न केला, असं सांगायला मला आवडलं असतं. पण लाकूड प्रयत्न करत नसतं, ते एकतर पेलतं नाहीतर मोडतं. मी मोडले.

काकूंचं खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी त्यांना उचलून तीन मजले खाली नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की आता जिने विसरा. लेकीचं घर तळमजल्यावर होतं, म्हणून त्या दवाखान्यातून थेट तिकडेच गेल्या.

लेक आईचे कपडे न्यायला आली. "बाबा, नका लावून घेऊ मनाला. खुर्ची जुनीच होती."

"जुनी होती, पण धडधाकट होती. मोडकी मी केली," काका म्हणाले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं.

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. "आईला सांगितलंत?"

"काल फोनवर सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मला सांगितलं असतंत तर मी पलंगावर बसून भाजी निवडली असती."

त्यानंतर काकांनी ब्लॉगवर खरं ते सगळं लिहिलं. सोबत एकही फोटो नव्हता. मुलगा सामान बांधायला आला तेव्हा त्याच्या हातात मोबाइल होता. "बाबा, हा लेख खूप लोकांनी वाचलाय. या महिन्यात घराचं भाडं निघेल."

"त्या पैशांत ती जिने चढेल का?" काकांनी विचारलं.

मुलगा खोक्यांना दोरी बांधत राहिला. संध्याकाळी काका त्याच्याबरोबर गेले. काकू एका गावात, काका दुसऱ्या गावात. मोडकी खुर्ची तीन मजले उतरवण्याची तसदी कोणी घेतली नाही, म्हणून मी या रिकाम्या खोलीत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी आपल्याच नादात काही विणत, कोरत, जोडत बसलं असेल, तर यातून मिळतं काय, असं त्याला विचारू नका. मिळवायची वेळ आलीच, तर त्याला एकट्याला त्या ओझ्याखाली ठेवू नका. त्याची शीळ बंद झाली तर शेजारी जाऊन बसा. फक्त बसण्याआधी खुर्ची एकदा हलवून बघा.