रोमच्या राजाचं धोतर

आमच्या सुनेला रोमचं वेड लागलं तेव्हा मी आधी पोराला झापलं. "भूपेंद्र, दुकानाच्या दारातून गिऱ्हाईक परत जाऊन राहिलं, आन तुही बायको मेलेल्या राजांच्या मागं! तुले काही वाटत नाही का?" तो हसला. बापावर गेलाय, हसून मोकळा होतो.

रिताचं माहेर एकोडीचं, धान पिकवणारं घर. लग्नानंतर तिनं घरी बसून इतिहासाचं एम.ए. धरलं. यंदा सरांनी विषय दिला, जुन्या रोमच्या घरातल्या बायका. त्यावर पुस्तक ना भंडाऱ्यात मिळालं ना तुमसरला. मग सगळं मोबाइलवर. दुपारची भांडी आटोपली की ती काचेवर बोट फिरवत बसायची आणि शेजारी मी रहाटावर कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. मागावर पुरुष बसतो, कांड्या बाई भरते. आमच्यात असंच.

"ते फुटके दगड काहून पाहून राहिली वं?"

"तिकडचं संग्रहालय आहे आई. घरबसल्या पाहाले मिळते, फुकट."

"फुकटच्यासाठी इतके डोळे फोडते का कोणी!"

पण घरात कोणी काही शोधतंय आणि मी मागे राहीन, हे जमत नाही मला. माइकचं बटण दाबून मीच बोलले, "रोमचा राजा, कापड." एक व्हिडिओ निघाला. त्यातला जाड आवाजाचा माणूस म्हणत होता, रोमचा राजा भंडाऱ्याच्या मागावरचं धोतर नेसायचा. माझा ऊर भरून आला. लगेच गल्लीच्या गटावर टाकला आणि खाली बोलून ठेवलं, 'आमच्या सुनेनं शोधून काढलं.' समोरच्या गीताबाईचा पोरगा पुण्यात इंजिनियर आहे, हे तिनं आम्हाला विसरू दिलेलं नाही. तिनंसुद्धा जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं.

आमच्या विणकर समाजाचे अध्यक्ष मधुकरराव, त्यांचा फोन आला. "वहिनी, रविवारच्या मेळाव्यात सूनबाई यावर बोलणार. पत्रिकेत नाव टाकलं मी."

मी मिरवत रिताला सांगितलं. तिचं तोंड उतरलं.

"आई, हे खोटं आहे."

"एवढे अंगठे दिले लोकांनी, ते सगळे खोटे?"

"अंगठे नका पाहू. हे कुठून घेतलं, ते सांगितलं का त्यानं? रोमचे लोक लोकरीचं नेसत. आपल्या देशाचं सुती कापड जहाजानं तिकडे जायचं, हे खरं. पण भंडाऱ्याचं नाव मले तं कुठंच सापडलं नाही." मग हळूच म्हणाली, "मेळाव्यात माहे सर येऊन राहिले. खोटं बोलली तं त्यांच्यासमोर मी संपली. खरं बोलली तं सगळ्यांत तुमची मान खाली."

"मंग आजारी पड," मी म्हटलं.

ती उठून आत गेली. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

शनिवारी मात्र आपणहून शेजारी येऊन बसली आणि मोबाइल पुढे केला. नुसती अक्षरं होती. "रोमच्या एका बाईच्या समाधीवर कोरलेला लेख आहे. कोणत्या गावचा, कोणत्या ग्रंथात नोंद आहे, सगळं खाली दिलं आहे. असं असलं तरच मी घेते."

"वाच."

"मार्कसची बायको. चांगली, देखणी, लोकर कातणारी, काटकसरी, घर न सोडणारी."

"घर न सोडणारी! नवऱ्यानंच लिहिलं दिसते." मग माझ्या ध्यानात आलं. "कातणारी? असं लिहिलं?"

"हो. बायकांच्या समाधीवर लिहायचे तिकडे."

"राणी होती का वं?"

"नाही आई. साधी बाई."

माझा रहाट थांबला. सासऱ्यांनी विणलेल्या लुगड्याला नागपुरात बक्षीस मिळालं. त्याचं प्रशस्तिपत्र आजही दुकानात टांगलेलं आहे, काच मीच पुसते. त्या लुगड्याच्या कांड्या सासूनं भरल्या होत्या. तिचा घरात फोटोसुद्धा नाही. हातातलं सूत तुटलं होतं, ते जोडायला मला बराच वेळ लागला.

रविवारी मधुकररावांनी माइक धरला. "रोमच्या राजाला धोतर नेसवणारा आपला समाज!" टाळ्याच टाळ्या. रिता उभी राहिली, पण तोंड उघडेना. पहिल्या रांगेत तिचे सर. ती माझ्याकडे बघत होती.

मी जागेवरून उठले. "मधुकरराव, थांबा जरा. राजा आपलं धोतर नेसत नव्हता. तो व्हिडिओ मी पाठवला, सुनेनं नाही. ती मले आधीच खोटं आहे म्हणत होती."

गीताबाईनं पदर तोंडाला लावला.

"गीताबाई, हसायचं तं मंग पोटभर हसा. आधी ऐका. माह्या सुनेजवळ राजापेक्षा भारी बाई आहे."

रिता बोलली. तो समाधीवरचा लेख तिनं वाचून दाखवला. मागच्या रांगेतल्या चंद्रकलेनं, जिचा जन्म कांड्या भरण्यात गेला, तिथूनच हाक मारली, "नाव काय वं त्या बाईचं?"

"अमीमोने."

रांगेतल्या बायकांनी ते नाव वाकडंतिकडं म्हणून पाहिलं. सर वहीत काहीतरी लिहीत होते.

घरी येऊन मी रिताकडून तो लेख गटावर टाकवला. कुठून घेतला तेही खाली लिहायला लावलं. गीताबाईचा अंगठा लगेच आला.

"तिले लिही," मी म्हटलं, "अंगठा नको, आधी वाचा म्हणावं."