सुप्रभाच्या हाताचे माप

मी एक जुनी चित्रवही आहे. मित्रांनो, मी आता फार दमले आहे, तेव्हा खोक्यात आडवी पडूनच बोलते. रागावू नका.

माझा जन्म पुण्याचा. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरने जाड कागद शिवले, वर निळे कापड चढवले आणि कोपरे झिजू नयेत म्हणून पत्र्याच्या टोप्या ठोकल्या. एवढा थाट दुकानात दुसऱ्या कुठल्याच वहीचा नव्हता. मी जरा मिजासखोरच होते म्हणा ना! आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या सुप्रभाने मला विकत घेतले आणि महिन्याभरात मी कॉलेजच्या सहलीबरोबर थेट इटलीला पोचले.

दक्षिण इटलीत पेस्टम नावाचे ठिकाण आहे. तिथे अडीच हजार वर्षांची ग्रीक देवळे गवतात उभी आहेत. खांब जाडजूड, मधे पोट सुटलेले. सुप्रभा चित्र काढायला बसली आणि तिच्या लक्षात आले, की मापाचा टेप बसमध्येच राहिला! तिचे तोंड एवढेसे झाले. तेव्हा सहलीबरोबर आलेले माधव सर म्हणाले, "हात आणलायस ना? मग वितीने मोज. पण आधी आपली वीत पहिल्या पानावर काढ. मापाशिवायचं चित्र म्हणजे नुसती रांगोळी."

सुप्रभाने माझ्या पहिल्या पानावर डावा हात पसरला आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली. मला गुदगुल्या झाल्या. खाली तिने लिहिले : 'सुप्रभाची वीत, साडेसात इंच.' मग खांबाला वळसा घालत ती मोजत गेली. घेर भरला चौतीस विती.

दुपारी सरांनी मुलांना माझ्या पूर्वजांची गोष्ट सांगितली. माझी मान ताठ झाली ती तेव्हा. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी लंडन-पॅरिसचे तरुण वास्तुकार असेच इथे, रोमला, अथेन्सला येत. काही तर वर्षानुवर्षे राहत. शिड्या लावून, दोऱ्या टाकून पडक्या देवळांची मापे घेत आणि वह्यांत चित्रे काढत. पेस्टमचे हे बोजड खांब पाहून युरोपातल्या शहाण्यांनी आधी नाके मुरडली. पण त्या वह्यांवरून ठसे कोरले गेले, ठशांवरून मोठमोठी पुस्तके निघाली आणि हळूहळू सगळ्यांची आवड बदलली. ज्यांनी ग्रीस कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तेही चित्रे समोर ठेवून खांब उभारू लागले. बँका, न्यायालये, संग्रहालये, सगळीकडे खांबच खांब! मुंबईच्या टाउन हॉलच्या पायऱ्या तुम्ही चढला असाल. तिथले खांबही त्याच गोतावळ्यातले.

"पण एक गोष्ट निसटली," सर म्हणाले. "ही देवळं एके काळी रंगीत होती. रंग उडून गेले होते, आणि पुस्तकांत आल्या त्या काळ्या रेघा. लोकांना वाटलं, जुनं म्हणजे पांढरंच. तेव्हा जे दिसतंय ते सगळं टिपा."

त्या सहलीत माझी चाळीस पाने भरली. कॉलेजात मी हातोहात फिरले. कौतुकाचे दिवस काय ते तेवढेच.

पुढे सुप्रभाचे लग्न झाले. नवऱ्याला, यतीनला, टोकियोत सॉफ्टवेअरचे काम मिळाले आणि आम्ही निशी-कसाईला आलो. इथे आर्किटेक्ट म्हणून काम करायचे, तर आधी भरपूर जपानी यायला हवे. सुप्रभा क्लासला जाऊ लागली, एवढ्यात अश्लेषा झाली. क्लास सुटला. पुढे ती जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात अर्धवेळ जाऊ लागली. मी तर टोकियोत आल्या आल्याच भिंतीतल्या कपाटात गेले होते, हिवाळी पांघरुणांच्या खाली. तिथे मी अकरा वर्षे पडून होते. ओल खाऊन पाने फुगली, टोप्या गंजल्या. दर हिवाळ्यात पांघरुणे निघत आणि मी मनात म्हणे, आज तरी. मग पांघरुणे परत माझ्या अंगावर. वाट पाहण्याने माणूस थकतो तशी वहीही थकते.

गेल्या महिन्यात उरायासुला घर बदलायचे ठरले. सामानाची निवड सुरू झाली. सुप्रभाने मला हातात घेतले, पण उघडले नाही.

"आता काय उपयोग हिचा?" ती यतीनला म्हणाली. "उगाच जागा अडवते."

मित्रांनो, ओरडता आले असते तर मी ओरडले असते. तिने मला जुन्या वर्तमानपत्रांबरोबर पांढऱ्या सुतळीने बांधले आणि रद्दी नेण्याच्या दिवशी सकाळी खाली ठेवून आली. इमारतीचे रखवालदार ओकाबे-सान मोठे काटेकोर. दह्याच्या डब्याचे झाकण चुकीच्या पिशवीत गेले, तरी ती पिशवी घरी परत येते. त्यांनी गठ्ठा पाहिला, मला ओढून काढले आणि दोन्ही हातांत धरून वर आले. ते काय म्हणाले ते अश्लेषाने आईला सांगितले.

"आई, ओकाबे-सान म्हणतात, दामे, चालणार नाही. ही कागदात नाही जात. कापड वेगळं, मेटल वेगळं, पेपर वेगळा. तोडून द्यायची."

बिचाऱ्यांच्या मनात दयामाया काही नव्हती. फक्त नियम होता.

सुप्रभा कात्री घेऊन जमिनीवर बसली. कापड फाडायचे तर वही उघडायलाच हवी. तिने मला उघडले. पहिलेच पान समोर आले, आणि कात्री थांबली.

"हा कोणाचा हात?" अश्लेषाने विचारले आणि त्यावर आपला हात ठेवला. तिची बोटे बरीच आत राहिली.

"माझा," सुप्रभा म्हणाली. बाविसाव्या वर्षीच्या हातावर तिने आताचा हात ठेवला. डबे भरून खरखरीत झालेला तो हात रेघेत बरोबर बसला. ती रडली. माझे पान भिजले, पण मी कुरकुर केली नाही.

रविवारी आम्ही तिघी तोझाई लाइनच्या मेट्रोने निहोनबाशीला गेलो. तिथे एका जुन्या बँकेपुढे दगडी खांब आहेत. माझ्या पूर्वजांची चित्रे पुस्तकांतून फिरत फिरत या टोकापर्यंत आली होती.

"माझ्या हाताने मोजलं तर चालेल?" अश्लेषाने विचारले.

"चालेल. पण आधी हात काढ."

अश्लेषाने शेवटच्या पानावर आपला हात काढला. मग ती खांबाला बिलगून विती मोजत गेली. सव्वीस. सुप्रभाने चित्र काढले. रेघ वाकडी जात होती, तीनदा खोडावी लागली. शेजारी अश्लेषाने जपानीत लिहिले : वर राखाडी, खाली हिरवट शेवाळ, एका जागी कबुतराची पांढरी घाण. माझ्या नामांकित पूर्वजांना जमले नाही ते दहा वर्षांच्या पोरीने केले.

मित्रांनो, मी काही नवी होणार नाही. टोप्या गंजल्या त्या गंजल्याच. तुमच्या घरी कुणी कधी काळी मन लावून केलेले काही पडून असेल, तर घर आवरताना खुशाल टाका, पण टाकण्याआधी एकदा उघडा. आमच्यापाशी तोंड नाही, पाने आहेत.

उद्या ट्रक येणार आहे. सामानाच्या खोक्यांवर अश्लेषाने चिठ्ठ्या लावल्या आहेत : भांडी, हिवाळी कपडे, यतीनची पुस्तके. सुप्रभाने मला सर्वात लहान खोक्यात, पेन्सिली आणि नव्या टेपच्या शेजारी ठेवले. त्यावर काय लिहायचे, असे अश्लेषाने विचारले.

"लिही," सुप्रभा म्हणाली, "गेल्या गेल्या लागेल."