शुक्रवारची पाळी

"इथे सही करा, उस्मानभाई," म्हणत सत्यजितने कागद पुढे सरकवला. पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं.

सौदीतल्या दम्मामच्या धक्क्याला लागलेल्या त्या मालवाहू बोटीवर मराठी बोलणारे हे दोघेच. सत्यजित सेकंड ऑफिसर, उस्मान रत्नागिरीकडचा जुना खलाशी. आखाती युद्ध सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. काल, शुक्रवारी दुपारी हल्ल्याचा भोंगा वाजला, तेव्हा सगळे तोंडाला गॅस मास्क लावत आडोशाला पळाले. माल उचलणाऱ्या यंत्रावर, विंचवर, असलेला ग्विन तेवढा हलला नाही. मालाची पेटी हवेत लटकत होती आणि खाली बोटीच्या पोटात माणसं होती. शेवटचा माणूस बाजूला होईपर्यंत त्याने ती धरून ठेवली. मग तार तुटून त्याच्याच अंगावर आली.

"काय लिहिलंय?" उस्मानला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"ग्विन विनापरवानगी विंचवर गेला, एवढंच."

ग्विन वेल्सचा. बाप कोळशाच्या खाणीत राबायचा. त्या अंधाराची धास्ती घेऊन हा सोळाव्या वर्षी दर्यावर पळाला, तो कायमचाच. शुक्रवारी नमाजाच्या वेळेला उस्मानची पाळी तो सांभाळायचा. रविवारी तो बायबल घेऊन बसला, की त्याची पाळी उस्मान.

"पाळी माझी होती, साहेब."

"ते लिहिलं तर तुमचं खलाशी-पुस्तक खराब होईल. मग कोणती बोट घेणार तुम्हाला? जुबेदाचं लग्न तोंडावर आलंय. तो तर गेला."

मुलीचं नाव ऐकून उस्मानने पेन उचललं. गेलेल्या माणसाचं आता काय बिघडणार, असं मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"हा कागद त्याच्या बायकोकडे जाणार?"

"जाईल."

"म्हणजे आगाऊपणा करून मेला, असं वाचेल ती."

सत्यजितने कागद आणखी पुढे सरकवला. सहीच्या जागेवर बोट ठेवलं, पण उस्मानकडे पाहिलं नाही. तेव्हा कुठे उस्मानच्या डोक्यात प्रकाश पडला. पाळ्यांच्या अदलाबदलीचं विचारायला तो आणि ग्विन याच केबिनमध्ये आले होते. 'आपसात करा, कागदावर नको,' असं हसून म्हणाला होता तो सत्यजितच.

"तुमचं नाव मी घेणार नाही, साहेब. माझं लिहा. त्याच्या माथी नको."

सत्यजितने कागद फाडला. नवा घेतला आणि मान खाली घालून लिहीत राहिला.

"वाचून दाखवा," उस्मान म्हणाला.

"अदलाबदलीची परवानगी मी दिली होती," सत्यजितने वाचलं.

उस्मानने उठून केबिनचं दार लावलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसला.