हुडाकने मागितलेली मतं

“विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवणखाण, सगळं आमच्याकडून,” संघाच्या ऑफिसातून आलेली मिस लँडर म्हणाली. “तुम्ही फक्त यायचं, मिस्टर हुडाक. स्टोकर्स मैदानात उतरले की तुमचा तो पत्रा बडवायचा. बस.”

एमिल हुडाक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने आणलेल्या फळांच्या टोपलीकडे बघत होता. टोपलीला स्टोकर्सच्या रंगाची रिबीन बांधलेली होती. सिंकपाशी त्याची बहीण थेरेसा बटाटे सोलत होती, तिचा हात थांबला.

“कुठल्या मैदानात?” एमिलने विचारलं. त्याला ठाऊक होतं, तरी विचारलं.

“नव्या! अहो, काय स्टेडियम झालंय. छप्पर उघडतं नि मिटतं. मिस्टर हॅलम म्हणाले, एमिल आल्याशिवाय पहिला सामना सुरूच करायचा नाही. तुम्ही म्हणजे आमचा वारसा आहात.”

“वारसा इथेच टाकून पळालात की, बाई,” थेरेसा वळूनही न बघता म्हणाली.

एमिल शहराच्या बस डेपोत वेल्डर होता. पोलादाची गिरणी बंद पडल्यावर ब्रॅक्सटनकडे उरलं होतं ते थंडगार सरोवर, दोन गंजके पूल आणि स्टोकर्स हा फुटबॉलचा संघ. दर रविवारी दुपारी स्टेडियमच्या पूर्वेकडच्या स्टँडमध्ये एमिल बॉयलरचा एक जुना पत्रा टांगायचा आणि हातोड्याने बडवायचा. त्या ठोक्यावर सगळा स्टँड पाय आपटायचा. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा हा माणूस, पण रस्त्यात त्याला बघून बसचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे.

आदल्या वर्षीच्या वसंतात संघाचे मालक ग्रेसन हॅलम यांनी जाहीर केलं की स्टेडियम मोडकळीला आलंय. शहराने दुरुस्तीसाठी विक्रीकर थोडा वाढवावा, मग आपण जिवंत असेतो संघ ब्रॅक्सटन सोडणार नाही. कराचा फैसला मतदानाने व्हायचा होता. हॅलमनी एमिलला व्यासपीठावर बोलावलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ब्रॅक्सटन म्हणजे हा माणूस!” एमिलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर मतदानापर्यंत रोज संध्याकाळी, पाळी संपली की तो आपल्या गल्लीतली दारं ठोठावत फिरला. बोलणं त्याला जमत नसे. तो एवढंच म्हणायचा, “कराच्या बाजूने मत द्या. संघ जाणार नाही. माझा शब्द.”

कर मंजूर झाला. नोव्हेंबरात हॅलम टीव्हीवर दिसले, दूर दक्षिणेतल्या कुठल्याशा शहरात, तिथल्या महापौरांच्या गळ्यात गळा घालून हसताना. संघ आता इथे खेळेल, माझ्यापुढे दुसरा इलाजच नव्हता, म्हणाले. एमिल तेव्हा बारमध्ये सॉसेज खात होता. तोंडातला घास त्याला गिळवेना, त्याने तो कागदी रुमालात थुंकला. पुढे वर्तमानपत्रांत आलं की त्या शहराशी करार मतदानाच्या आधीच ठरला होता.

संघ गेला. कर राहिला. मुलाला बूट घ्यायला गेलेला माणूस दुकानातून बाहेर पडताना हॅलमच्या नावाने थुंकायचा, आणि समोर एमिल दिसला की मान फिरवायचा. डेपोतला ड्रायव्हर रे टॉलिव्हर त्याच्याच गल्लीत राहायचा. वर्षानुवर्षं दोघं एकत्र सामन्याला जायचे. रे नोव्हेंबरपासून त्याच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

“मिस लँडर,” एमिल म्हणाला, “एक सांगा. तुमच्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तिकडची सही झाली होती ना?”

ती रिबिनीशी चाळा करू लागली. “मी तेव्हा या नोकरीत नव्हते.”

“आता आहात ना?”

“हे बघा, धंद्यात असं चालतंच. त्यात तुमच्याविषयी वाईट काही नव्हतं.”

व्यासपीठावर हॅलमच्या अंगाला येणारा अत्तराचा वास जणू आत्ता या स्वयंपाकघरात शिरला होता. तो उठला आणि त्याने दार उघडलं.

“टोपली घेऊन जा. आणि साहेबांना सांगा, तो खांदा मी अजून घासतोय. वास जात नाही.”

गाडी गेल्यावर थेरेसा म्हणाली, “बरं केलंस. लाज कोळून प्यायलेली जात. आता तरी जरा हस. वर्ष होत आलं, घरात सुतक असल्यासारखा बसतोयस.”

एमिलने खुंटीवरची टोपी घेतली.

“कुठे निघालास?”

“जिथे जिथे गेलो होतो तिथे.”

“कशाला? फसवलं त्या हॅलमने. तू काय केलंस?”

“हॅलम कुणाच्या दारात आला होता, थेरेसा? शब्द मी दिला.”

पहिल्या घरच्या माणसाने त्याची माफी ऐकून घेतली आणि “ठीक आहे” म्हणून दार लावलं. पुढच्या घरातली बाई चिडली. “माफी घेऊन मी काय करू? दुकानात कराऐवजी दाखवू?” एमिल म्हणाला, “खरं आहे,” आणि पायऱ्या उतरला. वाद घालायला तो आलाच नव्हता.

कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मिसेस कोवाल्चिकने त्याला आत ओढलं आणि त्याच्यापुढे कोबीच्या सूपचा वाडगा ठेवला.

“मिसेस कोवाल्चिक, मी तुम्हाला मत द्यायला लावलं ते—”

“कुणी दिलं?” म्हातारी म्हणाली. “मी विरोधात दिलं. तो हॅलम मला पहिल्यापासून लबाड वाटायचा. दात फार पांढरे त्याचे.”

“पण तुम्ही तर मला हो म्हणाला होतात!”

“तू दारात एवढासा चेहरा करून उभा. नाही म्हणवेना. खा, गार होतंय.”

कित्येक महिन्यांत एमिल पहिल्यांदा हसला. हसता हसता त्याने वाडग्यात मान घातली. म्हातारीने उगाचच ब्रेड शोधायला पाठ फिरवली.

रे टॉलिव्हरचं घर त्याने शेवटी ठेवलं होतं. रेने दार अर्धंच उघडलं.

“रे, मी चुकलो. मी त्या माणसावर विश्वास ठेवला आणि तुला—”

“माझा बाप त्या स्टँडमध्ये बसायचा,” रे म्हणाला. “मरायला टेकला होता तेव्हा मी त्याला सांगितलं, काळजी नको, एमिलने शब्द दिलाय, संघ कुठे जात नाही. खोटं बोललो मी, एमिल. मरत्या बापाशी. तुझ्यामुळे.”

दार लागलं. एमिल पायऱ्या उतरून घरी गेला.

सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी तिकडे नव्या स्टेडियममध्ये सामना होता. पूर्वी सामन्याच्या वेळेला गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. माणसं एकतर स्टेडियममध्ये, नाहीतर टीव्हीपुढे. त्या दिवशी मात्र घराघरापुढे गवत कापायची यंत्रं घरघरत होती. कापलेलंच गवत माणसं पुन्हा कापत होती. कुणी कुंपण रंगवत होता, कुणी आधीच धुतलेली गाडी धूत होता. टीव्ही कुणीच लावला नव्हता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

एमिल चालायला निघाला होता. रे आपल्या घराच्या भिंतीला शिडी लावून पन्हाळीतला पाला काढत होता. शिडीचा एक पाय मऊ मातीत रुतत होता आणि शिडी डुगडुगत होती. एमिल फाटकापाशी थांबला. रेने वरून पाहिलं. पाल्याची मूठ खाली टाकली, दुसरी काढली, तीही टाकली.

“बघत काय उभा राहिलास?” तो म्हणाला. “धर की.”

एमिल आत गेला. त्याने रुतणाऱ्या पायावर आपला बूट रोवला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. वरून ओला, काळा पाला त्याच्या टोपीवर, खांद्यावर पडत राहिला. तो झटकायला त्याने हात सोडला नाही.