गाढवाची गोष्ट

सलग तिसऱ्या पहाटे बासिलियानं रानात जाऊन बटाटा उचलला आणि दाबून बघितला. बोटं आत रुतली. बटाटा गोठला नव्हता. नुसता कोमेजून मऊ पडला होता.

जून महिना, म्हणजे इकडचा ऐन हिवाळा. पठारावर ह्या दिवसांत असं हीव पडतं की डोळ्यांतलं पाणी गोठावं. ह्याच हिवात बटाटे उघड्या गवतावर पसरायचे, रात्री गोठवायचे, दुपारी उन्हात नरम पडले की पायांनी तुडवून त्यांचं पाणी काढायचं आणि वाळवायचे. असा वाळलेला बटाटा म्हणजे चुन्यो; तो पाच-दहा वर्षं टिकतो. बासिलियाच्या घरात वर्षाचं खाणं म्हणजे हाच चुन्यो. नवरा एलियास शहरात विटा पाडायला गेलेला, घरात ती, दोन लेकरं आणि सासू. अकरा पोती बटाटे गवतावर पसरलेले, आणि हीव काही तिच्या तुकड्यावर बसत नव्हतं.

खालच्या अंगाला हुस्तोचं रान. तिथं सकाळीच त्याच्या सुना बटाटे हलवत होत्या आणि गारगोट्या आपटाव्यात तसा आवाज येत होता.

"काय गं बासिलिया," हुस्तो ओरडला, "तुझ्या रानाला हिवाचं वावडं झालं काय?"

"तुझ्या मेंढरांची नजर लागली! गेल्या साली निम्मा चुन्यो त्यांनीच खाल्ला माझा!"

"आता तर भिंत घातलीस की माझ्या मेंढरांना!"

घातलीच होती. गेले दोन महिने एकेक धोंडा पाठीवर वाहून तिनं वरच्या अंगाला, डोंगराच्या बाजूनं, जिथून हुस्तोची मेंढरं चरून उतरायची तिथं, छातीएवढी भिंत रचली होती. हाताची सालं गेली होती. त्या भिंतीचा तिला एवढा अभिमान की येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायची.

घरी आली तर सासू उन्हाला पाय पसरून कोकाची पानं चघळत बसलेली. तोमासा म्हातारी चौऱ्याऐंशीच्या पुढची.

"आत्याबाई, हीव का बसंना आपल्या रानात? काय करू, तेवढं सांगा."

म्हातारीनं पान गालात सारलं. "माजं लगीन झालं त्या साली मामंजींचं गाढव हरवलं..."

"गाढव नगं! हिवाचं सांगा!"

"तेच सांगतीया. एका कानाचं गाढव. दुसरा कान कोल्ह्यानं..."

"थेट सांगा की वो!"

"थेट सांगाया मी काय शाळामास्तर हाय?"

बासिलिया तणतणत उठली. हे गाढव तिनं शंभरदा ऐकलं होतं. एका कानाच्या पुढं ते कधी गेलंच नव्हतं. त्या दिवशी तिनं जमिनीला पानं वाहिली, दारू शिंपडली, संध्याकाळी बटाट्यांवर गार पाणीही मारलं. चौथ्या पहाटे चार पोती काळी पडली, वास मारायला लागली. ती तिथंच मटकन बसली आणि रडली. दुःखापेक्षा संतापच जास्त होता. आणखी किती करायचं माणसानं?

दुपारी सडकं निवडत ती अंगणात बसली. हात घाणीनं भरलेले, उठायचं त्राण नव्हतं. म्हातारीनं संधी साधली.

"तर एका कानाचं गाढव. सापडलं एकदाचं. पुन्यांदा जाऊ नये म्हून मामंजींनी रानाच्या वरच्या अंगाला त्येला कोंडाया धोंड्याचा वाडगा घातला. आन् त्या साली गावातल्या समद्यांचं बटाटं गोठलं, आमचंच न्हाई. मामंजी म्हनले, ही नवी सून पांढऱ्या पायाची. माज्या ताटात चार दिस नुसतं उकडल्यालं पानी."

बासिलियाचे हात थांबले. "मग?"

"एक दिस सांजचं मी गाढवाला चारा घालाया गेले. वाडग्याच्या वरनं हुबी ऱ्हायले तर पाय बधिर. खालनं आले तर काईच न्हाई. गारठा डोंगरावरनं पान्यावानी उतरतो, पोरी. वाडग्यानं त्येला अडिवला व्हता. पन नव्या सुनंचं कोन ऐकतंय? रोज येताजाता चार-चार धोंडं काढून फेकलं आन् नाव गाढवावर घातलं. आठव्या दिशी हीव आलं. मार गाढवानं खाल्ला बिचाऱ्यानं."

बासिलिया उभी राहिली. कानशिलं तापली होती.

"आन् मी दोन महिनं धोंडं वाहत व्हते, तवा तोंडात काय व्हतं तुमच्या?"

"सांगत व्हते की! पयला धोंडा ठिवलास त्या दिसापासनं सांगतीया. गाढवाचं नाव काढलं की तूच उठून जातीस."

बासिलिया पहार घेऊन गेली. दोन महिन्यांची भिंत एका संध्याकाळीत पाडली, प्रत्येक धोंड्याला शिवी घालत. अंधार पडता पडता डोंगरावरचा गारठा तिच्या घोट्यांवरून सरळ रानात शिरला. तिला तो अंगावर कळला आणि पुन्हा रडू आलं.

पहाटे बटाटे दगड झाले होते. सात पोती हाती लागणार होती. चार गेली ती गेली.

दुपारी ती अनवाणी बटाटे तुडवत होती. पायांखालून काळं पाणी निघत होतं. भिंत नाही म्हणून म्हातारी हातात काठी घेऊन हुस्तोची मेंढरं हाकलायला राखणीला बसली होती आणि एकटीच बडबडत होती. बासिलिया मध्येच थांबली. मनातली एक गोष्ट तिला गप्प बसू देईना.

"आत्याबाई, ती आंदळ्या छप्परवाल्याची गोष्ट... ती आपलं छप्पर गळाया लागल्यापासनं सांगताय न्हवं?"

"व्हय की. दोन वरसं झाली."

बासिलियानं कपाळावर हात मारून घेतला, चिखलाचाच. मग पुन्हा तुडवायला लागली.

"सांगा," ती म्हणाली, "पयल्यापासनं सांगा."