अर्धा किलो मागे

मित्रांनो, कार्ल्याला हायवेच्या फाट्यापासून थोडं आत एक घर आहे. त्या घराच्या पडवीत, तुळईच्या खिळ्याला जे गंजकं लोखंड लटकलेलं दिसतं, तो मी. मी एक जुना ताणकाटा आहे. वर कडी, खाली आकडा, मधे पितळी पट्टी आणि तिच्यावर खाली-वर सरकणारी एक सुई, एवढंच माझं अंग. आकड्याला ओझं लावलं की माझ्या पोटातली स्प्रिंग ताणते आणि सुई वजन सांगते. आयुष्यभर मी दुसऱ्यांची वजनं सांगत आलो. आज स्वतःच्या मनावरचं सांगणार आहे, आणि ते हलकं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चाळीसेक वर्षांपूर्वी कोंडाजींनी मला पुण्याच्या बोहरी आळीतून विकत आणलं. मळवलीला गाडीतून उतरून ते घरापर्यंत चालत आले आणि वाटेत चारदा कागद सोडून मला बघून घेतलं. घरी रतनबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला हळदीकुंकू लावलं. पहिलं वजन कशाचं करायचं यावर दोघांचा थोडा वाद झाला. शेवटी रतनबाईंनी आपलं तान्हं पोर झोळीत घातलं आणि झोळी माझ्या आकड्याला लावली. साडेतीन किलो. ते पोर म्हणजे कैलास. माझ्या सुईने सांगितलेलं पहिलं वजन त्याचं आहे, म्हणून त्याच्यावर माझा जीव जरा जास्तच.

कोंडाजी स्वतःच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ फाट्यावर बसून विकायचे. लेणी बघायला आलेले लोक, देवीला आलेले लोक, सगळे थांबायचे. एकदा गावातल्याच धोंडाबाई पाच किलो तांदूळ घेऊन गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. भांडायला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, घरी साडेचारच भरला." कोंडाजींनी डोक्याला हात लावला. तांदूळ गोणपाटात घालून तोलला होता आणि गोणपाटाचं वजन वजा करायचं राहून गेलं होतं. त्यांनी धोंडाबाईंच्या ओच्यात तांदूळ ओतला तो मोजून नाही. मग पडवीत येऊन पाना घेतला आणि माझा वरचा स्क्रू फिरवून सुई अर्धा किलो मागे घेतली. तेव्हापासून मी रिकामा असलो की माझी सुई शून्याच्या रेघेला टेकत नाही, तिच्या थोडी वरच राहते. अर्धा किलोची पिशवी लावली तरच ती शून्यावर येते.

गिऱ्हाइकं बहुतेक पातळ कापडी पिशव्या आणायची, त्यामुळे प्रत्येकाला थोडा तांदूळ जास्तच जायचा. रतनबाई हसून म्हणायच्या की असला भोळा काटा साऱ्या मावळात नसेल. ही गोष्ट त्या दोघांना ठाऊक होती आणि मला. कैलासला कुणी सांगितली नाही, कारण त्याने कधी विचारली नाही.

पुढे दिवस पालटले. मुंबईच्या गाड्या नव्या रस्त्याने परस्पर जाऊ लागल्या, तांदूळ पाच-पाच किलोच्या बंद पिशव्यांत मिळू लागला. रतनबाई गेल्या. कोंडाजींचे गुडघे धरले, त्यांना सगळे आबा म्हणू लागले, आणि मी पडवीत टांगला गेलो तो कायमचा. पावसाळ्यात माझ्या आकड्याला छत्री अडकवायचे, उन्हाळ्यात कांद्याची माळ. आबा रोज सकाळी माझ्याखाली खुर्ची टाकून बसायचे. आम्ही दोघे रस्त्याकडे बघायचो. कामावरून काढून टाकलेल्या दोघांना एकमेकांशी बोलावं लागत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर कैलास कामावरून आला तो पेढे घेऊन. उर्से नाक्याच्या पुढच्या एका कारखान्यात तो पंधरा वर्षं मशीनवर आहे. एकही अपघात न होता काम केलं म्हणून कारखान्याने त्याला बक्षीस दिलं होतं, मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या बोटीवर चार दिवसांची सफर. बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं. कैलास आनंदाच्या भरात शेजारच्या शकुबाईंना सांगून बसला, "आमी घरचे समदे चाललोय."

आबांनी ते ऐकलं आणि घरचे सगळे यात स्वतःला धरलं. धरणारच की. घर त्यांचंच होतं.

पण तिकिटं तीन होती. कैलास, त्याची बायको माधवी आणि अकरा वर्षांची कोमल. माधवी तळेगावची, तिथल्याच शाळेत शिक्षिका. तिने पहिल्याच दिवशी कैलासला बजावलं की आबांना नीट समजावून सांगा, त्यांची इथली सोय करू. कैलास म्हणाला, सांगतो. रविवार गेला, पुढचा रविवार गेला. तो रोज माझ्याखालून आबांच्या खुर्चीपाशी यायचा, चपला घालायचा आणि निघून जायचा. मित्रांनो, तो दुष्ट नव्हता. त्याला फक्त आबांना दुखवायची भीती होती, आणि त्या भीतीपायी त्याने तीन आठवडे घालवले.

निघायचा दिवस आला. सकाळीच कैलासने मला खिळ्यावरून काढलं, फडक्याने पुसलं, तेलाचा थेंब सोडला आणि पुन्हा टांगलं. बॅगांची वजनं करायची होती. खरं सांगतो, मला किती आनंद झाला. वजन करायचा मान अर्थातच आबांकडे आला. त्यांनी चष्मा लावला आणि सुईसमोर उभे राहिले.

न्यायचं काय आणि ठेवायचं काय, याची यादी कोमल मोबाइलवर वाचत होती. इस्त्री चालत नाही, किटली चालत नाही, सुरी-कात्री चालत नाही, उदबत्ती पेटवता येत नाही. माधवीने इस्त्री मुकाट्याने काढून ठेवली. तिच्या बॅगेत चपला-बुटांचे चार जोड निघाले, तेव्हा आबांनी विचारलं की बोटीवर नांगरणी हाय का काय. माधवीही हसली आणि दोन जोड काढले. शेवटी एक बॅग वीस भरली, एक एकोणीस आणि कोमलची अठरा. आबांनी मोठ्या आवाजात सांगितलं, "सत्तावन्न."

मग ते आत गेले आणि आपली पिशवी घेऊन आले. निळी, जाड रेक्झिनची, बंदाची. ती त्यांनी माझ्या आकड्याला लावली आणि सुई सहावर गेली.

माधवीने कैलासकडे बघितलं. कैलासने रस्त्याकडे बघितलं.

आबांना वाटलं, वजन जास्त झालं म्हणून हे गप्प आहेत. त्यांनी विचारलं, किती चालतं? त्या क्षणी कैलासने खरं सांगायला हवं होतं. पण त्याच्या तोंडून निघून गेलं, "साठ, आबा. समद्यांचं मिळून साठ."

म्हणजे तीन किलो उरले. आबा खाली बसले आणि पिशवी उघडली. पाण्यावर गारवा असतो म्हणून घेतलेली लहान वाकळ त्यांनी बाहेर काढली. एक धोतर, दोन बंड्या, जुनं जाकीट बाहेर काढलं. पिशवी पुन्हा लावली. सुई बरोबर तीनवर आली. त्यांनी समाधानाने मान हलवली.

आत दोन किलो नवा तांदूळ होता, पांढऱ्या फडक्यात बांधलेला. तो त्यांनी काढला नव्हता. माधवीने हळूच विचारलं की बोटीवर तांदूळ कशाला. आबांनी सांगितलं की चार दिवस ज्याच्या घरचं जेवायचं, त्याच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नसतं. बोटीवर स्वयंपाक करणारं कुणीतरी असेलच, त्याच्या हातात द्यायचा. आमच्याकडची ही रीतच आहे, आणि ती बोटीला लागू नाही हे आबांना कुठून माहीत असणार? माधवी पदराशी चाळा करत आत निघून गेली.

कैलासला आता काहीतरी बोलणं भाग होतं. माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, "आबा, ह्यो काटा जुना झालाय. कमी दाखवतोय. तितं खरं वजन जास्त भरंल."

मित्रांनो, ती थाप होती. माझी सुई मागे आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. पण थाप नेमकी खरी निघाली. आबा दचकले. एवढ्या वर्षांचं गुपित पोराला कळलं असं त्यांना वाटलं असावं, कारण ते जरा लाजले.

"व्हय," ते म्हणाले. "अर्धा किलो मागं हाय. मीच ठेवलाय तसा. इसरलोच बघ." मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. चार बोचकी तोलली, प्रत्येकाचं अर्धा किलो धरलं तर दोन किलो आणखी काढायला हवेत. ते पुन्हा खाली बसले. बराच वेळ पिशवीत हात घालून राहिले. मग पांढऱ्या फडक्यातला तांदूळ बाहेर काढून उंबऱ्याजवळ ठेवला.

त्या वेळी मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो की आबा, थांबा, वजनाचा प्रश्नच नाही. पण मला सुई आहे, आणि ती फक्त किलो दाखवते. पिशवी पुन्हा लावली तेव्हा ती बरोबर एकवर आली. आत एक धोतरजोडी आणि समुद्रात सोडायला घेतलेला नारळ राहिला होता. आबांनी वर बघून विचारलं, "आता बसतंय का रं?"

कैलास वाकून बाहेर काढलेले कपडे गोळा करायला लागला. कोमल इतका वेळ मोबाइल धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "तिकिटं तीनच आहेत."

फाट्यावरून एक एसटी गेली. आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला. नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग कैलासकडे न बघता म्हणाले, "म्हंजी वजन माझंच व्हतं. आदी सांगायचंस, समदं उपसायला लावलंस ते."

त्यांनी धोतर बाहेर काढलं. नारळ काढून कोमलच्या बॅगेत ठेवला आणि तिला सांगितलं की पाण्याला नमस्कार करून सोड. रिकामी पिशवी माझ्या आकड्याला तशीच लटकत राहिली. ती अर्धा किलोची. माझी सुई शून्यावर आली.

"बघ," आबा म्हणाले, "आता काय बी न्हाई."

कैलास म्हणाला की मीच जात नाही, रद्द करतो. ते तो दोनदा म्हणाला. आबांनी गाडी खोळंबलीय म्हणून त्याला घालवलं. जाताना त्याने वाकून पाया पडायला हात पुढे केले, तेव्हा आबांनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. चार दिवस शकुबाई दोन वेळा भाकरी-कालवण आणून देत होत्या. आबा बरं म्हणायचे, अर्धं खायचे. उंबऱ्याजवळचा तांदूळ त्यांनी शकुबाईंनाच दिला. ज्याचं जेवायचं त्याला द्यायची रीत त्यांनी मोडली नाही.

सफरीहून सगळे परत आले ते उन्हाने काळवंडून. कोमल आबांजवळ येऊन बसली आणि बोटीचे मजले, दिवे, निळं पाणी असं काय काय सांगत राहिली. नारळ सोडायला तिथे परवानगी नव्हती, तो तसाच परत आला होता. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वजन किती भरलं मंग, तितं?"

कोमल सरळपणे म्हणाली, "तिथं कुणी वजन केलंच नाही, आबा."

कैलास दारात उभा होता. त्याने ते ऐकलं. संध्याकाळी पडवीत कुणी नसताना तो माझ्याजवळ आला आणि आबांची पिशवी काढायला गेला. पिशवी आकड्यावरून सुटली तशी माझी सुई शून्याची रेघ सोडून वर गेली आणि अर्धा किलो मागे जाऊन थांबली. तो बघत राहिला. पिशवी पुन्हा लावून बघितली, पुन्हा काढली. आपण सहज मारलेली थाप खरीच होती, आणि आबांनी ते अर्धे-अर्धे किलो स्वतःच्या सामानातून वजा केले होते, हे त्याला त्या वेळी डोळ्यांनी दिसलं. त्याने पिशवी होती तशी परत लावली आणि माझ्या खिळ्याखाली, आबांच्या खुर्चीत बसून राहिला. साडेतीन किलोचा होता तेव्हा तो माझ्या आकड्याला लटकून रडला होता. आता तो रडला नाही, आणि मला वाटतं, रडला असता तर बरं झालं असतं.

आबा अजून आहेत. रोज सकाळी त्याच खुर्चीत बसतात. कैलास आता रोज त्यांना विचारतो, अलिबागला जाऊ, गणपतीपुळ्याला जाऊ, तुम्ही म्हणाल तिथं जाऊ. आबा म्हणतात, ऱ्हाऊ दे, गुडघं दुखत्यात. रागाने म्हणत नाहीत. त्यांनी स्वतःला एकदा पिशवीतून काढून ठेवलं, ते आता परत भरायला तयार नाहीत.

मित्रांनो, माझी स्प्रिंग आता सैल पडली आहे आणि मला कुणी दुरुस्त करावं अशी माझी अपेक्षाही नाही. मागणं एकच आहे. तुमच्याही घरी बॅगा भरल्या जातील. काय न्यायचं, काय ठेवायचं याच्या याद्या होतील. कुणाला मागे ठेवावं लागणार असेल, तर ते त्याला पहिल्या दिवशी सांगा, त्याने पिशवी भरायच्या आधी. ऐकताना त्याला वाईट वाटेल, पण तो ते सोसेल.

निळी पिशवी अजून माझ्या आकड्याला आहे. येणारे-जाणारे सुई बघतात आणि म्हणतात, काही नाही, रिकामी आहे. ती अर्धा किलोची आहे. मी रोज उचलून धरतो, म्हणून मला माहीत आहे.